मदत हवी आहे: कवितेची सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची. आजीच्या ओव्या ऐकत वाढले, त्यामुळे लय कानात आहे. पण लिहायला बसले की ओळी गद्यच वाटतात. करवीर नगर वाचन मंदिरात कवितासंग्रह भरपूर आहेत, आधी कुठला घ्यावा ते ठरत नाही.

वृत्तं शिकायची फार ओढ आहे. भुजंगप्रयात वृत्ताच्या एका ओळीत 4 य गण (य गण म्हणजे लघु-गुरू-गुरू, अशी तीन अक्षरं), 12 अक्षरं, हे कळलं. पण लघु-गुरू मोजत बसलं की मनातलं निसटतं. आधी मुक्तछंदच लिहावा का? कवी माधव ज्युलियन इथल्याच राजाराम कॉलेजात शिकवत; त्या गावात छंद समजावणारं कुणीतरी असेलच ना! कच्च्या कविता ऐकून खरं मत देणारा गट कुठे जमतो का? रविवारी रंकाळ्यावर जमत असाल तरी मी नक्की येईन.