आईची टाच दुखतेय, गोळीशिवाय काय करता येईल?

आम्ही देवगडचे. आईची उजवी टाच दोन महिने दुखतेय, सकाळी पहिलं पाऊल टाकलं की अशी कळ जाते की ती भिंत धरते, मग चार पावलं चालल्यावर कमी होतं. आंब्याच्या सीझनला दिवसभर अनवाणी उभं राहून पेट्या भरल्या तिने. पेनकिलरने पोट बिघडतं. काय करू?

रत्नागिरीकर: मला हेच होतं, प्लांटर फॅसायटिस, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात जो जाड पट्टा असतो त्याचं दुखणं. खाटेवरून उतरायच्या आधी पंचा तळव्याला अडकवून बोटं आपल्याकडे ओढायची, ३० सेकंद, तीनदा. संध्याकाळी पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून, फडक्यात गुंडाळून तिच्यावर तळवा १० मिनिटं फिरवायचा, खूप बरं वाटतं.

दापोलीची सून: आधी अनवाणी बंद करा हो, घरातसुद्धा मऊ चप्पल, झिजलेली स्लिपर नको. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीलाच. धीर धरा, मला ४ महिने लागले.

वेंगुर्ल्याहून: आईंना डायबेटिस आहे का? असेल तर बर्फ किंवा गरम शेक डॉक्टरांना विचारूनच, बधिर पायाला चटका कळत नाही. टाच लाल झाली, मुंग्या आल्या तर लगेच दाखवा.

देवगड: शुगर नाहीये. आज पंचा लावून बघितला, भिंत धरली नाही तिने!