शब्दचर्चा: ‘सीक्रेट स्पॉट’ला आपला शब्द कोणता, आणि तो ‘फोडणं’ म्हणजे काय?

फळी घेऊन लाटेवर उतरणाऱ्यांमध्ये, म्हणजे सर्फिंग करणाऱ्यांमध्ये, एक अलिखित नियम आहे. आडबाजूच्या किनाऱ्यावर चांगली लाट फुटते असं कळलं तर मित्राला सोबत न्यावं, पण त्या जागेचं नाव आणि नकाशावरची खूण जगभर वाटत सुटू नये. अशा जागेला सगळे ‘सीक्रेट स्पॉट’ म्हणतात. नियम मोडला की मालवण-वेंगुर्ल्याकडची पोरं म्हणतात, ‘त्यानं स्पॉट फोडला.’ या दोन्ही प्रयोगांवर चर्चा व्हावी असं मला वाटतं. प्रश्न भाषेचा आहे तितकाच वागणुकीचा आहे, म्हणून दोन्ही एकत्रच लिहिते.

आधी नाम. ‘गुप्त किनारा’ म्हटलं की गुप्तधन आठवतं, हंडा खणून काढायचा आणि पळ काढायचा. ‘अज्ञात’, ‘अस्पर्श’, ‘अनवट’ हे पर्यटनाच्या जाहिरातींचे लाडके शब्द, आणि ते तिन्ही मला खोटे वाटतात. महाराष्ट्राच्या शेकडो किलोमीटर किनाऱ्यावर अज्ञात असं काही नाही. जिथं एकही हॉटेल नाही त्या पुळणीवरही (वाळूच्या किनाऱ्यावरही) रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जाते, खडपावर (खडकांवर) बायका कालवं काढतात, खाडीच्या मुखाशी कुणीतरी पाग टाकत असतो. त्या जागेला नाव असतं आणि गावाच्या लेखी बहुतेकदा राखणदारही, म्हणजे जागा सांभाळणारा देवही, असतो. बाहेरून आलेला माणूस ‘हा बीच मी शोधला’ असं लिहितो तेव्हा या सगळ्यांना तो एका वाक्यात पुसून टाकतो. मला याचा मनापासून राग येतो.

यापेक्षा आपल्याकडचं ‘राखणे’ हे क्रियापद इथं चपखल बसतं. कुरण राखतात, आंब्याची बाग राखतात, देवराई राखतात, कुणाचा मान राखतात. राखलेली गोष्ट लपवलेली नसते, अख्ख्या गावाला ठाऊक असते. तिथं कुणी, कधी आणि किती घ्यायचं याची रीत ठरलेली असते एवढंच. म्हणून ‘सीक्रेट स्पॉट’ला मी ‘राखलेली जागा’ असा शब्द सुचवते. जाणकारांनी आणखी चांगला सुचवावा.

आता क्रियापद. गुपित उघड होण्याला मराठीत शब्दांची ददात नाही. वाच्यता होते, बभ्रा होतो, बोभाटा होतो, डांगोरा पिटला जातो, गोष्ट षट्कर्णी होते. षट्कर्णी म्हणजे सहा कानांवर गेलेली, म्हणजे तिसऱ्या माणसाला कळलेली. त्यात दोष कुणा एकाचा असतोच असं नाही, तोंडातून तोंडात जाता जाता ते घडतं. फोडण्याचं तसं नाही. बातमी फोडतात, परीक्षेचा पेपर फोडतात, पक्ष फोडतात. या प्रत्येकात फोडणारा ठरवून फोडतो, फायदा त्याच्या पदरात पडतो आणि भुर्दंड दुसरा भरतो. जागा फोडणाऱ्याला आठवडाभर लाइक मिळतात. पुढच्या शनिवारपासून गावच्या पाणंदीत गाड्या अडकतात आणि सुरूच्या बनात बाटल्या पडतात. पोरांनी शब्द बरोबर उचलला आहे. लाटही फुटतेच, त्यामुळे हे क्रियापद किनाऱ्यावर आधीपासून रुळलेलं आहे.

पण नुसतं सांगणं आणि फोडणं यात फरक कुठे पडतो? मला अशी एक जागा ज्यानं पहिल्यांदा दाखवली तो त्याच गावचा. पाण्यात उतरण्याआधी त्यानं ओल्या वाळूवर काठीनं खाडीचं मुख काढलं. हा वाळूचा पट्टा, लाट याच्यावर फुटते. पावसाळ्यात नदीला लोंढा आला की पट्टा हलतो, म्हणून गेल्या वर्षीची जागा यंदा तिथंच असेल असं धरून चालू नकोस. ओहोटी लागली की खाडीचं पाणी या अंगानं बाहेर पडतं, तिथं ओढ आहे. त्या ओढीत सापडलीस तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नकोस, आडवी सरक. एप्रिल-मेमध्ये उजाडताना मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, लाटेचा माथा उचलून धरतो आणि ती गुळगुळीत उभी राहते. समुद्राकडून खारा वारा सुटला की सगळं विस्कटतं, मग उगाच दमू नकोस. आणि शेवटी: होडी रापण सोडताना दिसली की पाण्याबाहेर यायचं, गाडी देवळापाशी लावायची, कुणाच्या खळ्यात नाही.

हे सगळं मिळून ‘जागा सांगणं’ झालं. नकाशावरच्या खुणेत यातलं काहीही नसतं. ती फक्त माणसाला तिथवर आणून सोडते, मग तो पोहणारा असो वा नसो, भरती असो की ओहोटी. गणपतीपुळ्यासारख्या गजबजलेल्या किनाऱ्यावरही ओढीनं माणसं नेली आहेत, तिथं निदान हाक ऐकायला कुणीतरी असतं. आडबाजूच्या पुळणीवर तेही नसतं. तोंडी सांगणाऱ्याला समोरचा माणूस दिसतो आणि त्याला किती सांगायचं हे तो ठरवू शकतो. खूण टाकणाऱ्याला कुणीच दिसत नाही.

फोटोबद्दलही थोडं. ‘लोकेशन बंद करून टाकला, मग झालं’ असं बरेच जण म्हणतात. तेवढ्यानं भागत नाही. मागे दीपगृहाचा तुकडा, कड्याची रेघ, जेटीचा कोपरा, बंदरात लागलेल्या होड्यांचे रंग, यातली एक गोष्ट दिसली तरी किनारा ओळखणारा दोन मिनिटांत जागा काढतो. मुद्दाम लाटेजवळून, मागे फक्त आभाळ ठेवून फोटो काढणारे लोक आहेत. ‘कोकण’ एवढंच लिहितात. मला ते पुरेसं वाटतं.

हा वाद आपल्यापुरता नाही. २००८च्या सुमारास एका अमेरिकी सर्फिंग मासिकानं गूगल अर्थवर बघून नवी लाट शोधायची स्पर्धा लावली आणि नामिबियाच्या वाळवंटी किनाऱ्यावरची एक लांबच लांब लाट जगापुढे आली. तिथं आधीपासून मोजके लोक गाजावाजा न करता खेळत होते. छापलं मात्र गेलं ‘शोध’ म्हणूनच. उलट टोकही तितकंच वाईट आहे. कॅलिफोर्नियात लुनाडा बे इथं किनाऱ्यालगतच्या धनिक वस्तीतल्या टोळक्यानं बाहेरच्यांना वर्षानुवर्षं धमकावल्याची तक्रार २०१६ साली न्यायालयात गेली. ते राखणं नव्हे, बळकावणं. किनारा सार्वजनिक आहे आणि ‘राखलेली जागा’ या शब्दाआड कुणी मालकी घुसवत असेल तर मी त्याच्या विरोधात उभी राहीन.

रापणकर (वाचकाची प्रतिक्रिया): ‘राखलेली जागा’ हो शब्द बरो वाटता. आमी तेका सीक्रेट कधी म्हणूक नाय. समुद्रात खडपां खय आसत ता आमच्या आज्याक म्हायत होता. डोंगराचा टोक आणि देवळाचो कळस एका रेषेत इलो की खाली खडप. ता तेना आपल्या पोराक होडयेत बसवन दाखवल्यान, कागदार लिवन ठेवूक नाय. आता मोबाइलार बिंदू मारून ठेवतत, तो बिंदू ह्येच्याकडसून तेच्याकडे जाता आणि मोठे बोटी येवन मासे खरवडून नेतत. लाटेचा तसाच. लाट कोणाक नेवक येवची नाय, पण रापण घालूची वेळ मातर जाता.

मतलई (वाचकाची प्रतिक्रिया): मूळ लेखातली कळकळ पटली, पण निष्कर्ष पूर्ण पटला नाही. ‘नका सांगू’ म्हणणारे बहुतेक वेळा शहरातून शनिवार-रविवारी येणारेच असतात. त्यांना रिकामी लाट हवी असते. गावातल्या मुलाला काम हवं असतं. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचं बेट आहे, त्याला ‘सुनामी आयलंड’ असं नाव पडलं, लोक यायला लागले आणि होडीवाल्यांची घरं त्यावर चालतात. कर्नाटकात मुल्कीला २००४ पासून सर्फिंग उघडपणे शिकवलं जातंय, २०१६ साली जवळच्या ससिहितलूला राष्ट्रीय पातळीची स्पर्धा झाली. तिथं कुणी काही फोडलं असं म्हणायचं का? दुसरं, जागा लपवली की तिथला धोकाही लपतो.

मूळ लेखिका: रापणकर, होडीत बसवून दाखवण्याचं उदाहरण अगदी नेमकं आहे. मला जे लांबण लावून सांगावं लागलं ते तुम्ही दोन ओळींत सांगितलंत.

मतलई, तुमच्या आक्षेपाला नीट उत्तर द्यायला हवं. मुल्कीला जागा फोडली असं मी म्हणणार नाही. तिथं शिकवणारे त्याच किनाऱ्यावर राहतात, पोरांना पाण्यात कसं उतरायचं ते शिकवतात, काही बिघडलं तर निस्तरायला तिथंच असतात. याला ‘जागा खुली करणं’ म्हणू या. फरक लोक किती आले यात नाही, कुणी ठरवलं यात आहे.

आपल्याकडचं सगळ्यांत चांगलं उदाहरण सर्फिंगचं नाहीच, वेळासचं आहे. मंडणगड तालुक्यातल्या या गावात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पूर्वी अंडी खाल्ली जायची, विकली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन संवर्धन सुरू केलं, पुढे कासव महोत्सव भरायला लागला. पर्यटक येतात, गावकऱ्यांच्या घरी राहतात, जेवतात, आणि पिल्लं समुद्राकडे जाताना दोरीच्या अलीकडे उभे राहून बघतात. गुपिताच्या दृष्टीनं बघितलं तर वेळासचं काहीच शिल्लक राहिलं नाही. राखण मात्र शिल्लक आहे, कारण दोरी कुठे बांधायची हे गाव ठरवतं. हीच माहिती आधी एखाद्या छायाचित्रकारानं खुणेसकट टाकली असती तर दोरी बांधायला कुणी पोहोचायच्या आत गर्दी पोहोचली असती.

‘चव्हाट्यावर आणणे’ हा वाक्प्रचार मी वर मुद्दाम घेतला नव्हता, तो इथं घेते. आपण तो बदनामीच्या अर्थानं वापरतो. सिंधुदुर्गातल्या गावांत मात्र चव्हाटा हे गावाचं देवस्थान असतं, तिथं गाव जमतं आणि देवाला गाऱ्हाणं घातलं जातं. तेव्हा जागा खुली करायची असेल तर ती आधी खरोखरच्या चव्हाट्यावर न्यावी. रापणीच्या संघाला विचारावं, ग्रामपंचायतीत बोलावं, गाड्या कुठे लागतील, जीवरक्षक कोण, कचरा कोण उचलेल, फळी भाड्यानं देण्याचं काम कुणाच्या मुलाला मिळेल ते ठरवावं. त्यानंतर गावानंच नाव छापलं तर मी पहिली आनंदानं पुढे पाठवीन.

धोक्याबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, फक्त धोका सांगायला पत्ता लागत नाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या स्थितीचे इशारे देते. त्यात केरळच्या कोळ्यांचा ‘कल्लक्कडल’ हा शब्द आता अधिकृतपणे वापरतात. अर्थ ‘चोर समुद्र’. इथं वारा नसतो, आभाळ निरभ्र असतं आणि हजारो किलोमीटर दूर दक्षिणेच्या समुद्रातल्या वादळानं उठवलेल्या लाटा चोरपावलांनी येऊन किनाऱ्यावर चढतात. सर्फिंगवाले ज्याला ‘स्वेल’ म्हणतात त्याच जातीचं हे पाणी. खाडीच्या मुखाशी ओहोटीत ओढ असते, निरभ्र दिवशीही मोठी लाट येते, वाळूचा पट्टा दरवर्षी हलतो, हे सगळं हवं तितकं मोठ्यानं सांगावं. ते वेंगुर्ल्यालाही खरं आहे आणि गुहागरलाही. त्यासाठी एका गावाची पुळण उघडी पाडावी लागत नाही.

एक व्याकरणाची गोष्ट राहिली. परवा एका गटात ‘अमुक जागा फुटली’ असं वाक्य वाचलं. लिहिणाऱ्यानंच आदल्या दिवशी खुणेसकट व्हिडिओ टाकला होता. पेपर ‘फुटतो’ तेव्हाही कर्ता असाच गायब होतो. आपण इथं लिहिताना ‘फोडली’ लिहू या आणि कुणी फोडली तेही वाक्यात येऊ द्या.

दापोली, गुहागर, श्रीवर्धनकडच्या वाचकांना विचारायचं होतं: तुमच्याकडचे कोळी आणि खारवी आपली माशांची जागा दुसऱ्याला सांगण्याला काय म्हणतात? रापणकरांच्या आजोबांसारखं होडीत बसवून दाखवण्याला वेगळा शब्द असेल तर तो इथं नोंदवावा.