हॅनबरी स्ट्रीटचा खून: डॉक्टर खरे की शेजारी?

पारावरचा: लंडन, ८ सप्टेंबर १८८८. सकाळी सहाच्या सुमारास २९ हॅनबरी स्ट्रीटच्या मागच्या अंगणात अ‍ॅनी चॅपमनचं (जॅक द रिपरचा बळी मानली जाणारी बाई) प्रेत सापडलं. साडेसहाला पोलिसांचे डॉक्टर फिलिप्स म्हणाले, मरून किमान दोन तास झाले. पण पावणेपाचच्या सुमारास तिथल्या भाडेकरूबाईचा मुलगा रिचर्डसन त्याच अंगणाच्या पायरीवर बसला होता, प्रेत नव्हतं. शेजारच्या कॅडॉशने सव्वापाचनंतर 'नो' ऐकलं, मग कुंपणावर काहीतरी आदळलं. मिसेस लाँगने साडेपाचला अ‍ॅनीला घराबाहेर एका पुरुषाशी बोलताना पाहिलं. तिघांविरुद्ध एकटे डॉक्टर! माझं मत तिघांना.

रातकिडा: तिघं एकीकडे? कसे काय? कॅडॉश आवाज ऐकून कामाला निघाला तेव्हा चर्चच्या घड्याळात ५:३२ झाले होते. मग साडेपाचला रस्त्यावर बोलत होतं ते कोण, भूत? आणि तुमचा रिचर्डसन! इन्स्पेक्टर चँडलरला म्हणाला, तळघराचं दार बघायला आलो होतो. कॉरोनरपुढे (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणारा अधिकारी) म्हणतो, पायरीवर बसून बुटाचं चामडं कापलं. सुरी आणायला लावली तर ती बोथट, मग म्हणे बाजारात दुसरी मागून घेतली. उलटतपासणीत हा माणूस दोन मिनिटं टिकणार नाही.

पारावरचा: बुटाचं सोडा हो. प्रेताचं डोकं पायरीच्या अगदी जवळ होतं आणि उजाडू लागलं होतं. लाँगबाईंनी ब्रुअरीच्या (बिअरच्या कारखान्याच्या) घड्याळाचे टोले ऐकले. ते साडेपाचचे नसून सव्वापाचचे धरा, सगळं जुळतं. वेळेतली ही तफावत कॉरोनर बॅक्स्टरलाही फार मोठी वाटली नव्हती.

रातकिडा: 'धरा' म्हणजे पुरावा आपल्या सोयीने वाकवायचा. दार डावीकडे उघडतं, प्रेतही डावीकडेच. दाराआड दिसलं नसेल.

कडूकिराईत: डॉक्टरांची बाजू घेण्याआधी एक लक्षात घ्या. पहाट गार, रक्त भरपूर गेलेलं, पोट उघडं. असं शरीर लवकर थंड पडतं, आणि ही शंका खुद्द फिलिप्सनीच साक्षीत नोंदवलीय. तेव्हा हाताने चाचपून सांगितलेल्या 'दोन तासां'वर मी तरी कुणाला फाशी देणार नाही. रिचर्डसनवरही नाही. कॅडॉश मात्र मला पटतो: त्याने आव आणला नाही, 'नो' नेमका कुठल्या अंगणातून आला हे छातीठोकपणे सांगितलं नाही.

रातकिडा: ठीक. पण दोनच्या आत ती लॉजिंगमधून बाहेर पडली, खाटेचे पैसे नव्हते म्हणून. नंतर साडेतीन तास ती होती कुठे? एकालाही दिसू नये?

पारावरचा: लंडनच्या त्या व्हाइटचॅपल वस्तीत रात्री रस्त्यावर फिरणारी बाई कोण लक्षात ठेवणार? लाँगबाईंनीही पोलीस गाठले ते काही दिवसांनी.