तिबोटी खंड्याच्या घरट्यासाठी जेसीबी किती दिवस थांबवावा? मदत हवी आहे

नमस्कार. आमचं गाव चिपळूणजवळ. घरामागे पऱ्या (छोटा ओढा) आहे आणि त्याच्या कडेला मातीची उभी दरड. त्या दरडीत, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, तिबोटी खंड्याचं बीळ आहे.

जोडी जूनमध्येच दिसायला लागली होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोघंही आळीपाळीने दरडीवर झेपावून चोचीने माती उकरायची, मग आत शिरून पायांनी बाहेर लोटायची. जेमतेम १४ सेंटीमीटरचा जीव, पण भर पावसात काम थांबलं नाही. नंतर बरेच दिवस सगळं शांत. एक आत गेला की तासन्‌तास बाहेर यायचा नाही.

३ ऑगस्टपासून मात्र ये-जा वाढली आहे. चोचीत कधी सापसुरळी, कधी छोटा खेकडा, कधी कोळी. बिळाच्या तोंडाशी पांढरे ओघळ दिसतायत.

अडचण अशी की गणपतीला चाकरमानी येतील, गाड्या दारापर्यंत याव्यात म्हणून काकांनी हीच दरड कापायला १८ तारखेला जेसीबी सांगितलाय. काका वाईट नाहीत. "किती दिवस थांबू ते नक्की सांग," एवढंच म्हणाले. मला तो आकडा हवा आहे. शिवाय घोरपड फिरते, तर बिळासमोर जाळी लावू का? फोटोसाठी दोघांनी विचारलंय, त्यांना काय सांगू?

प्रतिसाद
ताई, भक्ष्य कसं धरलंय ते बघा. डोकं पुढे, चोचीच्या टोकाकडे असेल तर ते पिल्लांसाठी. तुमच्या वर्णनावरून पिल्लं आहेतच. अंडी साधारण १७-१८ दिवस उबवतात आणि पिल्लं पुढे जवळपास २० दिवस बिळात राहतात. ३ ऑगस्ट धरला तर २३-२४ तारीख येते. १८ला दरड कापली तर पिल्लं आतच गाडली जातील. महिनाअखेरपर्यंत थांबाच. त्यानंतरही दोन-तीन दिवस लांबून बघून मगच हो म्हणा, कारण कधी कधी जोडी पुन्हा अंडी घालते.

जाळी अजिबात नको, आईबापच बिचकतील. बिळात बोट, काठी, मोबाईलचा उजेड काही नको. फोटोवाल्यांना जागा सांगू नका. समोर माणूस बसला की चोचीत घास घेऊन पक्षी फांदीवरच ताटकळतो आणि आत पिल्लं उपाशी.

काकांना विचारा, पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) बाजूने वाट काढता येईल का? उभी, मऊ मातीची दरड या पक्ष्याला सहज मिळत नाही.

धागाकर्ती
आत्ताच काकांशी बोलले. जेसीबीवाल्याला १ सप्टेंबरनंतर फोन करतो म्हणाले. पाखाडीची बाजू उद्या दोघं मिळून मोजणार आहोत. डोकं पुढेच होतं, सापसुरळीचं.