मदत हवी आहे : सौरवादळातील वैश्विक किरणांची वाढ नेमकी कशामुळे झाली, हे कसे ओळखावे?

नमस्कार. मी पदवीच्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवतो. न्यूट्रॉन मॉनिटरच्या (वैश्विक किरणांमुळे वातावरणात सुटणारे न्यूट्रॉन जमिनीवर मोजणाऱ्या यंत्राच्या) खुल्या नोंदींवर त्यांच्यासाठी एक छोटा प्रकल्प आखताना एका ठिकाणी अडलो आहे.

वादळात या मोजणीत येणारी घट समजते. सूर्यावरून उसळलेला प्लाझ्माचा लोट आपल्यासोबत गुंतागुंतीचे चुंबकीय क्षेत्र घेऊन पृथ्वीवरून जातो, तेव्हा आकाशगंगेतून येणारे प्रोटॉन त्यात अडतात आणि काही तासांत मोजणी खाली येते; ती सावरायला मात्र अनेक दिवस लागतात. स्कॉट फोर्बुश यांनी १९३७ साली नोंदवलेली ही घट १० मे २०२४ पासूनच्या औलू (फिनलंड) केंद्राच्या आलेखात स्पष्ट दिसते.

प्रश्न वाढीचा आहे. त्याच आलेखात ११ मे रोजी, मोजणी खाली असतानाच, एक उंचवटा येतो. तो सौर उद्रेकात वेग मिळालेल्या प्रोटॉनांचा. याउलट २२ जून २०१५ च्या वादळात उटीच्या ग्रेप्स-३ या वैश्विक किरणांच्या प्रयोगात सुमारे दोन तास म्युऑन (वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणारे कण) वाढले, ते पृथ्वीचे चुंबकीय कवच तात्पुरते दुबळे झाल्यामुळे, असे त्या गटाने २०१६ मध्ये मांडले.

ही दोन टोके सोपी वाटतात. उटीचा उंबरठा (कटऑफ रिजिडिटी, म्हणजे चुंबकीय कवच भेदून तिथे पोहोचायला कणाला लागणारा, संवेग भागिले विद्युतभार या मापातला किमान जोर) सुमारे १७ गिगाव्होल्ट असल्याने सौर प्रोटॉन तिथवर क्वचितच पोहोचतात. औलूचा उंबरठा एक गिगाव्होल्टपेक्षाही कमी. तिथे खरा अडसर वातावरणाचाच, त्यामुळे कवच दुबळे झाले तरी मोजणीत फारसा फरक पडू नये. पण रोमसारख्या, सुमारे ६ गिगाव्होल्टच्या केंद्रावर दोन्ही कारणे संभवतात, आणि खाली फोर्बुश घट चालू असल्याने तुलनेसाठी स्थिर पातळीही हाती नसते.

ध्रुवीय केंद्रेही वाढली तर कारण सौर, ती स्थिर राहिली तर कारण कवचाचे, अशी कसोटी मी लावून पाहिली. परंतु सौर प्रोटॉन सुरुवातीला सर्व दिशांनी सारखे येत नाहीत, त्यामुळे एखाद्या ध्रुवीय केंद्राला ते दिसतच नाहीत आणि कसोटी फसते. (हे मला दुसऱ्या आलेखावर उमगले, विद्यार्थ्यांना आधीच!)

तेव्हा जाणकारांनी सांगावे : निव्वळ केंद्रांच्या नोंदींवरून हा निवाडा होऊ शकतो का, की वादळकाळातील उंबरठा त्स्यगानेंको यांच्या चुंबकावरणाच्या (म्हणजे पृथ्वीच्या याच चुंबकीय कवचाच्या) गणिती प्रारूपावरून तासागणिक काढण्याला पर्याय नाही? पर्याय नसेल, तर पदवीच्या विद्यार्थ्यांना झेपेल अशी त्याची सुरुवात कोठून करावी?