भूमितीची धास्ती

ताई, दहावीला दोन महिने उरलेत आणि लेक भूमितीचं पुस्तक उघडलं की रडते, असं तुम्ही लिहिलंय. गेल्या वर्षी आमच्या पोराचंही हेच होतं. दर रविवारी बोर्डाच्याच वेळेला, सकाळी 11 वाजता, घड्याळ लावून 40 गुणांचा पेपर सोडवायला बसवलं. पहिले तीन अर्धवटच राहिले. गुण विचारले नाहीत (जड गेलं बाप्पा!), फक्त कुठं अडलं तेवढं विचारलं. चौथ्यापासून हात चालू लागला. बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये सहापैकी चांगल्या पाच विषयांचीच टक्केवारी धरतात, हेही तिला नीट सांगा. संध्याकाळी आम्ही फुटाळा तलावावर चक्कर मारायचो, अभ्यासाचं नाव काढायचं नाही. नातेवाइकांचे "किती टक्के येतील?" वाले फोन मात्र तुम्हीच उचला.