पुण्यात राहताना हल्ली भीती वाटते का? अनुभव सांगा

गेल्या महिन्यात एका रात्री दीडच्या सुमारास आमच्या बिबवेवाडीच्या गल्लीत काच फुटल्याचा आवाज आला. एकदाच आला असता तर मांजरानं कुंडी पाडली म्हणून कूस बदलली असती. पण मागोमाग दुसरा, तिसरा, आणि मधूनमधून हसणं. नवरा गॅलरीतला दिवा लावायला उठला, मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला. खाली एका गाडीवर तिघं पोरं, मधल्याच्या हातात कोयता. अकरा गाड्या फोडल्या. चोरलं काही नाही, कुणाशी भांडणही नव्हतं. ११२ला फोन लावला, पोलीस आलेही, पण तोवर पोरं पसार.

सकाळी रस्त्यावर पाऊल टाकलं की साखर सांडल्यासारखं करकरत होतं. समोरच्या रिक्षावाल्या दादांचं हूड उभं फाडलेलं आणि पुढची काच गेलेली. आमच्या गाडीचा विमा पूर्ण होता, निभावलं. त्यांचा नुसता थर्ड पार्टी, त्यात असलं नुकसान बसत नाही. पंचनामा होईपर्यंत रिक्षा हलवायची नाही, म्हणून तो दिवसही बुडाला.

चार दिवसांत पोरं सापडली. दोघं अठराच्या आतली. कारण काय, तर 'एरियात दहशत पाहिजे'.

तुमच्याकडे काय चाललंय? स्वतःवर किंवा घरच्यांवर गुदरलेलंच सांगा. फॉरवर्ड नकोत. आणि 'बाहेरच्यांनी शहर बिघडवलं' ही तबकडीही नको. आमच्याकडची पोरं दोन गल्ल्या पलीकडचीच निघाली.

धनकवडीहून

माझी आई ७१ वर्षांची. सकाळी सव्वासहाला फिरून परत येताना मागून गाडी आली. पत्ता विचारायलाही थांबले नाहीत, सरळ मंगळसूत्राला हात. आई पडली, मनगट मोडलं. मानेवर तारेनं कापावी तशी लाल रेघ आठ दिवस होती.

मला खरं सांगायचंय ते पुढचं. तक्रार द्यायला गेलो तर टेबलामागच्या साहेबांनी कागद पुढे केला, त्यावर 'गहाळ'. म्हटलं, अहो, गहाळ नाही झालं, हिसकावलंय. तर म्हणे, "काका, शोधायचंच आहे ना, मग शब्दाचं काय एवढं?" शब्दाचंच तर आहे! गहाळ झालं म्हणजे आईचा वेंधळेपणा, हिसकावलं म्हणजे गुन्हा. नव्या भारतीय न्याय संहितेत हिसकावणीसाठी वेगळं कलम आहे, ३०४. माझ्या भाच्याने ते मोबाइलवर काढून दाखवलं. दोन तास बसून राहिलो, तेव्हा कुठे एफआयआर झाला. दागिना अजून मिळालेला नाही.

दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधलेला असताना आई पुन्हा त्याच जागी गेली. गटाराच्या जाळीपाशी काळे मणी आणि दोन वाट्यांपैकी एक वाटी सापडली. ती तिने देवघरात कुंकवाच्या करंड्यात ठेवलीय. फिरायला आता गच्चीत जाते.

सदाशिव पेठेतून

'पूर्वीचं पुणं किती शांत' हे सगळे म्हणणारच, म्हणून आधीच लिहितो. १९७६ साली मी नववीत होतो. ऑक्टोबरच्या शेवटी जोशी कुटुंबातल्या तिघांचा खून झाला आणि १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जणांचा. त्यानंतर संध्याकाळी सातला पेठा सामसूम व्हायच्या. आमच्या वाड्याचा दिंडीदरवाजा पिढ्यान् पिढ्या उघडा, त्याला तेव्हा पहिल्यांदा आतून आडणा बसला. बेल वाजली की वडील आधी खिडकीतून नाव विचारायचे. मारेकरी सापडले ते कॉलेजात चित्रकला शिकणारी मुलं. १९८३मध्ये चौघांना येरवड्यात फाशी झाली.

तेव्हा भीती नव्हती असं नाही. पण तेव्हाची भीती चार माणसांची होती, ती पकडली गेल्यावर संपली. आडणा काढला. आता कुणाला पकडलं की संपेल, ते सांगा.

स्वारगेटमार्गे दर शनिवारी

मी हिंजवडीत नोकरी करते, माहेर साताऱ्याकडे. २५ फेब्रुवारी २०२५च्या पहाटे स्वारगेटला उभ्या एसटीत एका तरुणीवर बलात्कार झाला, त्यानंतर आईने 'यायचंच नाही' असं फर्मान काढलं. मी जातेच. पण एक बदललंय. बातम्यांत होतं की त्या माणसाने तिला 'ताई' म्हणून हाक मारली आणि गाडी तिकडे लागलीय म्हणून सांगितलं. आपण 'ताई' ऐकलं की निम्म्या निर्धास्त होतो ना? परवा एक म्हातारे आजोबा खरोखरच मला फलाट सांगत होते, "ताई, तुमची गाडी पलीकडे लागलीय." मी उत्तरही न देता चौकशीच्या खिडकीकडे चालू लागले. त्यांचं बरोबर होतं. गाडी पलीकडेच होती. मला दिवसभर वाईट वाटत राहिलं.

कोथरूडहून

माझ्याकडे कोयता घेऊन कुणी आलं नाही, व्हिडिओ कॉल आला. खाकी गणवेश, मागे झेंडा, 'तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात.' बँकेत ३४ वर्षं नोकरी केलेला माणूस मी, तरी पाच तास खोलीचं दार लावून बसलो. बायकोने जेवायला हाक मारली तर तिच्यावर खेकसलो. कायद्यात अशी अटक नाहीच, हे मला नंतर मुलाने सांगितलं. सव्वादोन लाख गेले. त्याने लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावला म्हणून त्यातले काही पुढच्या खात्यात गोठले. लाज वाटते म्हणून सोसायटीत सांगितलेलं नाही, इथे सांगतोय.

पिंपरीहून, थोडक्यात

चांगलाही अनुभव लिहू का? बसमध्ये मोबाइल गेला होता. तक्रार दिली, सीईआयआर या हरवलेल्या-चोरलेल्या मोबाइलच्या सरकारी पोर्टलवर त्याचा आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, ब्लॉक केला आणि विसरून गेलो. सात महिन्यांनी पोलिसांचा फोन, येऊन घेऊन जा. कव्हर मात्र भलतंच होतं, गुलाबी.

पोलीस लाइनीतून

धनकवडीचे काका, तुमच्या आईसाठी फार वाईट वाटलं. 'गहाळ'चं म्हणाल तर ते चूकच आहे. माझे मिस्टर अंमलदार आहेत, घरात बोलणं होतं म्हणून कळतं: गुन्हा नोंदवला की आकडा वाढतो, आकडा वाढला की मीटिंगमध्ये वरचे झापतात, पेपरात 'शहरात गुन्हे वाढले' म्हणून मथळा येतो. नोंदवलाच नाही तर सगळं शांत. म्हणून तुम्ही हटून बसलात ते योग्यच केलंत.

पण दुसरी बाजूही ऐका. गणपतीत दहा दिवस मिस्टर घरी फक्त अंघोळीला येतात. विसर्जन मिरवणूक कधीकधी दुसऱ्या दिवशी दुपारनंतर संपते, तोवर उभे. मग कुणीतरी मोठे पाहुणे, मग मोर्चा. साप्ताहिक सुट्टी कागदावर. रात्री गस्तीला बीट मार्शलची दोघांची एक मोटारसायकल. ती एका टोकाला भांडण सोडवत असते तेव्हा दुसऱ्या टोकाला काचा फुटतात. मला सुद्धा ते रात्रपाळीला गेले की झोप लागत नाही. ज्या पोरांच्या हातात कोयता असतो, त्यांच्यासमोर पहिला यांनाच उभं राहायचं असतं ना.

पर्वतीच्या पायथ्याहून

मी रात्रशाळेत शिकवतो. बिबवेवाडीच्या ताईंनी लिहिलेली पोरं माझ्या वर्गात बसून गेलेली असतात. पोलिसांच्या कागदावर त्यांना 'विधिसंघर्षित बालक' म्हणतात, म्हणजे गुन्ह्यात सापडलेलं अठराखालचं मूल. हा शब्द मी फळ्यावर लिहिला तर त्यातल्या एकालाही नीट वाचता येणार नाही.

एकाबद्दल सांगतो. वय १६. वडील नाहीत, आई चार घरची धुणीभांडी करते. हा सकाळी भाजीच्या टेम्पोवर हमाली करायचा, वर्गात बाकावर डोकं टेकून झोपायचा. मी झोपू द्यायचो. एकदा त्याच्या मोबाइलवर रील पाहिली: गल्लीतला कुणी 'भाई' तडीपारी संपवून परत आलाय, फटाके, गाडीच्या बॉनेटवर केक आणि केक कापायला कोयता. या पोराच्या हातात फक्त केकचा पुठ्ठा होता. त्याने तीच रील मला तीनदा दाखवली. "सर, यात मी दिसतो बघा."

कोयत्याचं म्हणाल तर ऊस तोडायचं, नारळ सोलायचं हत्यार ते, भंगारात स्वस्तात मिळतं. पोलिसांनी दुकानदारांकडून खरेदीदारांच्या नोंदी मागवून बघितल्या, परिस्थितीत फार फरक मला दिसला नाही. २०१५च्या बालन्याय कायद्याने १६ ते १८मधल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढांसारखा खटला चालवता येतो, हेही यांना ऐकून माहीत असतं. तरी 'आपल्याला काही होत नाय' हेच तोंडी.

तो मुलगा दिवाळीनंतर आला नाही. हाणामारीत नाव आलं, येरवड्याच्या निरीक्षणगृहात होता. सुटल्यावर एकदा रस्त्यात दिसला. मान खाली घातली, पण हात वर करून "सर" म्हणाला. त्याला कठोर शिक्षा व्हावी असं तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटेल. ज्याच्या डोक्यात तो वार बसला, त्याच्या आईला मीही भेटून आलोय. तिच्यासमोर मला एक वाक्य धड बोलता आलं नाही.

बिबवेवाडीहून, पुन्हा

सगळं वाचलं. सरांचं दोनदा वाचलं. खरं सांगू, रागच आला आधी, कारण रिक्षावाल्या दादांच्या हुडाचा हप्ता अजून चालू आहे.

इकडची खबर: कोपऱ्यावरच्या खांबाचा दिवा दोन वर्षं बंद होता, तो महापालिकेने तक्रार केल्यावर नवव्या दिवशी लावला. सोसायटीने कॅमेरे बसवले, त्यातला एक चुकून आंब्याच्या झाडाकडे तोंड करून आहे. पोलिसांनी त्या पोरांना आमच्याच गल्लीतून चालवत नेलं. लोक गॅलरीत उभे राहून टाळ्या वाजवत होते, व्हिडिओ काढत होते. त्यातला धाकटा एका व्हिडिओत कॅमेऱ्याकडे बघून केस सारखे करतोय.

गाडी धुऊन आणली, दोनदा व्हॅक्यूम केली. तरी काल मुलीने सीटच्या फटीतून काचेचा एक खडा काढून माझ्या हातावर ठेवला. "आई, हिरा," म्हणाली.